आसरा कोणाचा?

(वाचनासाठीं शास्त्रभाग : योहान ४:५-४२ व ५:१-९)



आमच्या जिल्ह्याच्या पूर्वभागांतील एका लहान मंडळीच्या उपदेशकांचें पत्र गेल्या फाल्गुनांत आम्हांस आलें. त्यांत लिहिलें होतें कीं, मंडळींतील एक भगिनी तिन्हीसांजेच्या वेळीं साती आसरांच्या विहिरीवर हिरव्या बांगड्या, खण व दहींभात ठेवितांना दोघांच्या दृष्टीस पडली. त्यावरून पंचांची बैठक झाली. तिला प्रभुभोजनापासून दूर ठेवावें असें बहुतेकांचें मत पडलें. आतां पाळकांनीं येऊन निकाल द्यावा. पत्राच्या शेवटीं उपदेशकांनीं आपल्या मनांतली एक गोष्ट लिहिली होती. ती अशी कीं, बाई वाईट नाहीं. मी त्या दिवसांत गांवीं असतों तर ती विहिरीवर गेली नसती, असें माझें मन मला खात आहे.

आम्ही त्या गांवीं गेलों. पंचांस भेटण्यापूर्वीं त्या भगिनीच्या घरीं गेलों. तेथें जें ऐकिलें तें तिच्या संमतीनें आज सर्व मंडळ्यांपुढें ठेवीत आहों. तिचें व तिच्या गांवाचें नांव मात्र सांगत नाहीं. कारण वाचकांनीं तिच्याकडे न पाहतां आपल्याकडे पाहावें अशी आमची इच्छा आहे.

तिचें म्हणणें असें : "पाळकसाहेब, पोराला तीन रोज ताप. अंगाची नुसती भट्टी झालेली. घरधनी ऊसतोडीला गेलेले. उपदेशक गुरुजी दुसऱ्या गांवाला. मंडळींतल्या दोन घरीं सांगून आले. प्रार्थना करूं म्हणाल्या, पण दारांत कोणी आलं नाहीं. तिसऱ्या रात्रीं पोरानं डोळे फिरवले. तवा शेजारची म्हातारी आली. रात्रभर तिनं त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. उजाडल्यावर म्हणाली, आसरांचा फेरा असंल, सांजेला ओटी भरून टाक, मी येते तुझ्यासंगं. आतां मी नाहीं म्हणायचं, तर कुणाच्या तोंडाकडं बघून म्हणायचं?"

ह्या शेवटच्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

मुलाची हकीकत थोडक्यांत सांगतों. ओटी भरल्याच्या दुसऱ्या दिवशीं उपदेशक परत आले व त्यांनीं मुलास तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत नेलें. तपासणीअंतीं डॉक्टरांनीं विषमज्वर आहे असें सांगितलें. देवाच्या कृपेनें व औषधानें मूल बरें झालें. डॉक्टरांनीं विचारिलें, "पाणी कोठलें पितां?" नळाला आठ दिवसांनीं एकदां पाणी येई, बाकीचे दिवस त्याच विहिरीचें पाणी. आणि ओटी भरल्यावर त्याच पाण्याचे दोन थेंब तीर्थ म्हणून मुलाच्या तोंडांत घातले होते. विषमज्वर हा दूषित अन्नपाण्यांतून होणारा रोग आहे हें ऐकून ती माउली कपाळास हात लावून बसली.

बंधुहो, आपल्या भाषेंत 'आसरा' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पाण्यांत राहणाऱ्या त्या सात बहिणी म्हणजे आसरा. आणि संकटांत जेथें माणूस टेकतो तो आधार, तोहि आसराच. ही भगिनी पहिल्या आसरांकडे गेली, कारण दुसरा आसरा तिला मिळाला नाहीं. आजच्या प्रवचनाचा सारा विषय एवढाच आहे.

प्रथम त्या विहिरीची गोष्ट न्यायानें सांगूं. साती आसरा हें नांव आमच्या वाचकांस नवें नाहीं. 'अप्सरा' ह्या शब्दाचेंच हें घरगुती रूप होय असें विद्वान् सांगतात. विहीर, बारव, तळें, नदीचा डोह हीं त्यांचीं ठिकाणें. विहिरीच्या कांठीं किंवा आंतील कोनाड्यांत शेंदूर फांसलेले सात दगड मांडलेले असतात. कोठें कोठें जवळच म्हसोबाचाहि एक दगड असतो. नव्या विहिरीस पाणी लागलें कीं नारळ फोडावा. बाळंतीण प्रथम पाण्यावर गेली कीं हळदकुंकू वाहावें. नव्या नवरीनें व ओल्या बाळंतिणीनें भर दुपारीं किंवा दिवेलागणीस एकटीनें पाण्यावर जाऊं नये. गेली आणि आजारी पडली तर आसरा लागल्या. कोणी बुडालें तर आसरांनीं ओढून नेलें. सन १९२४ मध्यें आर. ई. एन्थोवेन ह्यांनीं मुंबई इलाख्यांतील लोकसमजुतींवर इंग्रजींत मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतहि ह्या जलदेवतांची हकीकत आहे. परंतु आम्हांस ती ग्रंथांतून शिकावी लागत नाहीं. आमच्या आज्यांनीं ती आम्हांस चुलीपाशीं सांगितली आहे.

आणि ह्या जिल्ह्यांत पाण्यास देव मानिलें जावें ह्यांत नवल तें काय? पश्चिमेस अकोले तालुक्यांतील डोंगरांवर पाऊस मुसळधार पडतो. तेथें हरिश्चंद्रगडावर सप्ततीर्थ नांवाची पुष्करिणी आहे. जवळच केदारेश्वराच्या गुहेंत कमरेइतक्या बर्फासारख्या पाण्यांत लिंग उभें आहे. त्याच्या भोंवतीं चार खांब होते, त्यांतला एकच आज अखंड आहे, आणि तो पडेल त्या दिवशीं युगाचा अंत होईल असें लोक म्हणतात. पण पूर्वेकडे या. पाथर्डी, जामखेड, कर्जत हा पर्जन्यछायेचा मुलूख. येथें सन १९७२ चा दुष्काळ पाहिलेलीं माणसें आजहि पाण्याचा तांब्या खालीं ठेवितांना सांडूं देत नाहींत. ह्याच जामखेड तालुक्यांतील चोंडी गांवीं सन १७२५ मध्यें अहिल्याबाई होळकर जन्मल्या. त्यांनीं देशभर विहिरी, बारवा व घाट बांधून वाटसरांची तहान भागविली, आणि सन २०२४ मध्यें ह्या जिल्ह्यास त्यांचेंच नांव देण्यांत आलें. जेथें पाणी पाजणें हें थोर पुण्य, तेथें पाणी देणाऱ्या विहिरीपुढें भोळें माणूस हात जोडतें. त्या हातांची आम्ही थट्टा करीत नाहीं.

हें आपल्याच देशांत चालतें असेंहि कोणी समजूं नये. युरोपच्या पश्चिम टोकास आयर्लंड नांवाचें बेट आहे. तेथें ख्रिस्ताचें नांव पोहोंचून दीड हजार वर्षें झालीं. तरी त्या बेटांत पवित्र मानिलेल्या सुमारें तीन हजार विहिरी आहेत. कोणती विहीर संत पात्रिकाच्या नांवाची, कोणती संत ब्रिजिटबाईंच्या. लोक उजव्या बाजूनें विहिरीभोंवतीं फेऱ्या घालितात. दुखऱ्या अंगाची चिंधी जवळच्या झाडास बांधितात. चिंधी कुजली कीं दुखणें गेलें असें मानितात. विहिरीचा कोणी अपमान केला तर ती रातोरात उठून दुसरीकडे जाते, तिचें पाणी चुलीवर ठेविलें तरी उकळत नाहीं, अशा कथा तेथेंहि आहेत. नांवें तेवढीं बदलावीं, म्हणजे ती आमच्याच आज्यांची गोष्ट होईल.

ती मोडण्यासाठीं तेथें काय झालें तें ऐका. सन १७०३-०४ मध्यें तेथील प्रोटेस्टंट राज्यकर्त्यांनीं कायदा केला कीं, जो कोणी अशा विहिरीवर यात्रेस जमेल त्यास दहा शिलिंग दंड, आणि दंड न भरल्यास जाहीर फटके. म्हणजे आमच्याच पंथाच्या लोकांनीं चाबकाच्या जोरावर विहिरी बंद करावयास घेतल्या. फळ काय झालें? तो कायदा केव्हांच गेला. विहिरी आहेत, चिंध्याहि आहेत. भय हें चाबकानें जात नाहीं. चाबूक हें तर दुसरें भय. आमच्या पंचांनीं त्या भगिनीस मेजापासून दूर ठेविण्याचें ठरविलें, तो त्याच चाबकाचा लहानसा तुकडा नव्हे काय?

मग काय त्या सात दगडांपुढें मान तुकवावी? मुळींच नाहीं. खोटें भय हें खोटेंच आहे, आणि त्यावर उजेड पाडणें हें आमचें काम आहे. तो उजेड कसा पडतो ह्याचीं तीन उदाहरणें सांगतों.

पहिलें नारूचें. आमच्या वडिलांच्या काळीं पायविहिरींच्या गांवांत हा रोग घरोघर असे, आणि तो देवाचा कोप मानिला जाई. खरी गोष्ट अशी. नारूचें बीज पाण्यांतील सूक्ष्म किड्याच्या पोटीं असे. तें पाणी प्यायल्यावर सुमारें वर्षानें दीड-दोन हात लांबीचा जंत पायांतून बाहेर पडूं लागे. पायाची आग होई, म्हणून माणूस पायऱ्या उतरून पाण्यांत पाय बुडवी, आणि जंत आपलें बीज पुन्हां पाण्यांत सोडी. ह्या रोगावर रामबाण औषध निघालें नाहीं, लसहि नाहीं. पाणी कापडानें गाळून प्यावें, पायऱ्या बंद करून पाणी वरून शेंदावें, पाण्यांतील किडे औषधानें मारावे, एवढ्यानेंच तो गेला. सन १९९६ मध्यें देशांतील शेवटचा रोगी आढळला, आणि सन २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें जाहीर केलें. एका फडक्यानें जो कोप निवाला तो कोणा देवतेचा कोप असेल काय?

दुसरें विहिरींतील मृत्यूचें. गाळ काढावयास एक माणूस उतरतो व पडतो. त्यास काढावयास दुसरा उतरतो, तोहि पडतो. आणि लोक म्हणतात, आसरांनीं बळी घेतले. खोल, बंद पडलेल्या विहिरींत प्राणवायु कमी होतो व विषारी वायु सांचतो. जुनीं माणसें दोरानें कंदील सोडून पाहत, आणि तो विझला तर कोणी उतरत नसे. परंतु कंदील जळत राहिला म्हणजे भय नाहीं असेंहि नव्हे. म्हणून कंबरेस दोर बांधल्यावांचून व वर धरणारीं माणसें उभीं केल्यावांचून कोणी उतरूं नये. आणि आंत कोणी पडला तर त्याच्यामागें दुसऱ्यानें धांव घेऊं नये.

तिसरें उदाहरण सांगतांना आमची लेखणी अडखळते, तरी सांगितलें पाहिजे. "तिनें विहीर जवळ केली" असें आपल्या भाषेंत म्हणतात. सासरच्या छळानें, कर्जानें, मारानें, एखाद्या न सांगतां येणाऱ्या दुःखानें बाई विहिरीकडे जाते. दुसऱ्या दिवशीं पाण्यावर तिचें लुगडें दिसतें. आणि गांव काय म्हणतो? आसरांनीं ओढली! बंधुहो, असें म्हणणें किती सोयीचें आहे पाहा. सात दगडांवर आळ गेला कीं घर मोकळें झालें. नवऱ्यास कोणी विचारीत नाहीं, सासूस कोणी विचारीत नाहीं, शेजारणींस कोणी विचारीत नाहीं कीं, ती रात्रीं रडे तेव्हां तुम्ही कोठें होतां? हाबेलाचें रक्त जमिनींतून देवाकडे ओरडलें. विहिरीच्या पाण्यांतूनहि ओरड येते, आणि ती आसरांची नव्हे. आम्हांस तर असें वाटतें कीं, ह्या खोट्या समजुतीचें सर्वांत मोठें पाप हेंच कीं, ती माणसाचें पाप झांकते. ख्रिस्ती घरेंहि ह्यांतून सुटलीं नाहींत.

आतां शास्त्राकडे वळूं. यरुशलेमांत बेथेसदा नांवाचें तळें होतें. पाणी हाललें कीं जो प्रथम उतरेल तो बरा होईल अशी तेथील समजूत. त्याच्या पांच पडव्यांत रोग्यांची गर्दी, आणि त्यांत अडतीस वर्षें दुखण्यास खिळलेला एक मनुष्य. प्रभूनें त्यास विचारिलें कीं, तुला बरें व्हावयाचें आहे काय? त्यानें उत्तरांत तळ्याची स्तुति केली नाहीं, निंदाहि केली नाहीं. त्यानें एवढेंच सांगितलें कीं, मला पाण्यांत सोडावयास माझें माणूस नाहीं.

माझें माणूस नाहीं! फाल्गुनांतल्या त्या तीन रात्रींचें गाऱ्हाणें हेंच होतें. आणि प्रभूनें काय केलें? तळ्यावर विश्वास ठेवितोस म्हणून त्यास झिडकारिलें नाहीं. त्यास उचलून तळ्यांतहि सोडलें नाहीं. तो स्वतः त्याच्याजवळ उभा राहिला, आणि तळ्याची गरजच उरली नाहीं. पाण्याचें भय व पाण्याची आशा हीं दोन्ही अशींच जातात. जवळ कोणी आलें म्हणजे जातात.

दुसरी विहीर शोमरोन प्रांतांतील सूखार गांवाजवळची, याकोबाची. तीहि आपल्या गांवच्या विहिरींसारखीच वाडवडिलांच्या नांवाची व मानाची विहीर होती. भर दुपारची वेळ. एक बाई एकटी पाण्यास आली. आमच्याकडे म्हातारी माणसें जी वेळ टाळावयास सांगतात तीच ही वेळ. चारचौघी सकाळीं येतात, मग ही दुपारीं एकटी कां? तिच्या मागें पांच नवऱ्यांची कथा होती, लोकांच्या जिभा होत्या. प्रभु तेथें थकून बसला होता. त्यानें तिला पाहून तोंड फिरविलें नाहीं. प्रथम उपदेश केला नाहीं, प्रथम तिचीं पापें मोजलीं नाहींत, याकोबाच्या विहिरीस नांवें ठेविलीं नाहींत. त्यानें प्रथम काय केलें? तिच्याजवळ प्यावयास पाणी मागितलें.

ह्या एका मागण्यांत किती मोठी गोष्ट आहे हें आमच्या मंडळ्यांस सांगावयास नको. यहूदी लोक शोमरोन्यांच्या भांड्यास शिवत नसत. प्रभूजवळ पोहरा नव्हता. प्यावयाचें तर तिच्याच भांड्यानें प्यावयाचें होतें. ती स्वतःच चकित झाली. ओंजळ पुढें करून वरून पाण्याची धार पडण्याची वाट पाहत ज्यांचे आजेपणजे विहिरीपासून दूर उभे राहिले, त्यांस ह्या गोष्टीचा अर्थ पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं.

तो इतिहास आम्ही विसरूं नये. सन १८६८ मध्यें पुण्यास जोतीराव फुले ह्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य म्हटलेल्यांस मोकळा केला. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत सी. के. बोले ह्यांचा ठराव पास झाला कीं, सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावे. तरी ते खुले झाले नाहींत. तेव्हां २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर ह्यांनीं हजारों लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेतलें. त्यानंतर तेथील सनातन्यांनीं पंचगव्याच्या एकशेंआठ घागरी ओतून तें तळें 'शुद्ध' केलें. खटला दहा वर्षें चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें निकाल दलितांच्या बाजूनें दिला. पुढें देशाच्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत विहिरी व तळीं हे शब्द मुद्दाम लिहावे लागले. पाहा, ज्या पाण्यांत गुरें डुंबत तें माणसाच्या ओंजळीनें बाटतें, ही समजूत साती आसरांच्या समजुतीहून शहाणपणाची आहे काय? आसरांच्या भयानें बाई दुपारीं पाण्यावर जात नाहीं. ह्या दुसऱ्या भुतानें तर पिढ्यान् पिढ्या माणसांस पाण्यावर जाऊं दिलें नाहीं.

हें लिहितांना लेखणी दुसऱ्यांकडे वळवून आम्हांस सुटतां येत नाहीं. त्या गांवीं पंचांची बैठक प्रार्थनामंदिराच्या ओसरीवर भरली. ऊन फार होतें. आम्हीं पाणी मागितलें. ओसरीच्या दोन टोकांस दोन माठ होते. "दोन कां?" असें विचारितां प्रथम कोणी बोलेना. मग एक तरुण खालीं पाहून म्हणाला, "एक आमचा, एक त्यांचा." ते कोण? तेहि प्रभूच्या नांवानें बाप्तिस्मा घेतलेले, त्याच मंदिरांत त्याच भाकरीचे भागीदार. पण त्यांचे आजे पूर्वी दुसऱ्या जातीचे होते. ज्यांनीं हा भेद स्वतःच्या पाठीवर सोसला त्यांच्याच नातवांनीं तो माठांत भरून ठेविला होता! आणि त्या ओसरीवर बसून आम्ही एका आईचा न्याय करणार होतों, कीं तिनें सात दगडांस बांगड्या कां वाहिल्या.

आम्हीं पंचांस दोनच प्रश्न विचारिले. त्या तीन रात्रींत तुमच्यापैकीं तिच्या घरीं कोण गेलें होतें? आणि ह्या दोन माठांपैकीं प्रभु आज आला तर कोणत्या माठांतून पिईल? पहिल्या प्रश्नास सर्व गप्प राहिले. दुसऱ्यास एक म्हातारे पंच, ज्यांनीं बाईस दूर ठेविण्याची सूचना केली होती तेच, पुष्कळ वेळानें म्हणाले, "तो आपलं मागूनच पिईल, साहेब. शोमरोनींत मागितलं तसं." आणि त्यांनीं डोळे पुसले.

निकाल असा झाला. त्या भगिनीनें मंडळीपुढें कबूल केलें कीं, भयाच्या भरांत मी चुकलें. माझा भरंवसा प्रभूवरच आहे. तिच्यामागून पंचांनीं कबूल केलें कीं, आम्ही तिच्या दारीं गेलों नाहीं, हें आमचें पाप. मग सर्वांनीं मिळून प्रभुभोजन घेतलें. ओसरीवर आतां एकच माठ आहे. सर्व कांहीं गोड झालें असें मात्र लिहितां येत नाहीं. एक घर त्या दिवशीं उठून गेलें, आणि अजून तें त्या माठास शिवलें नाहीं. त्यांच्यासाठीं प्रार्थना करा, आणि त्यांच्याहि दारीं जा.

मंदिराच्या मागल्या बाजूस शेजारची ती म्हातारी उभी होती. तिनें हळूच विचारिलें, "माझ्यावर राग तर नाहीं ना, साहेब?" आम्हीं म्हटलें, "आजी, तुम्ही रात्रभर जागलां. तें काम आमचें होतें." दयाळू शोमरोन्याचा दाखला आम्ही कितीदां सांगतों! त्या रात्रीं याजक व लेवी आमच्यापैकीं झाले. वाटेंत पडलेल्याजवळ थांबली ती ही.

निघतांना त्या भगिनीनें विचारिलें, "पाळकसाहेब, आतां त्या विहिरीवर जायचं का नाहीं? पाणी तर तिथूनच आणायचं." आमचें उत्तर तिला दिलें तेंच सर्वांस देतों. जा. दुपारीं जा, सांजेस जा. जेथें तुम्ही जातां तेथें तुमचा प्रभु आधींच बसला आहे. पाणी आणून फडक्यानें गाळा व उकळून प्या. त्या सात दगडांस हात जोडूं नका, आणि पायहि लावूं नका. शेजाऱ्यांच्या भयास लाथ मारून तें जात नाहीं. तुमचें निर्भय येणेंजाणें त्यांनीं रोज पाहिलें म्हणजे तें आपोआप विरेल.

उपदेशकबंधूंस चार शब्द सांगून संपवितों. घरांत दुखणें आलें असें कानीं येतांच त्याच दिवशीं त्या दारीं जा; तुम्ही परगांवीं असाल तर कोण जाईल हें आधींच नेमून ठेवा. प्रार्थना करा, आणि प्रार्थनेबरोबर दवाखान्याची वाट धरा. प्रार्थना करून घरीं बसणें हा विश्वास नव्हे, आळस आहे. गांवांत कोणी बाई विहिरींत पडली तर आसरांचें नांव ऐकून परत फिरूं नका. खरें काय झालें तें विचारा, आणि ज्यांच्या डोळ्यांत तसा विचार दिसतो त्या जिवंत बायकांपाशीं आजच जाऊन बसा. आणि आपल्या मंदिराच्या ओसरीवर माठ किती आहेत तें येत्या रविवारीं मोजा.

सूखारच्या त्या बाईनें घागर विहिरीवरच ठेविली आणि ती गांवांत धांवली. ज्या लोकांस चुकवून ती दुपारीं आली होती त्यांच्याचकडे ती गेली, आणि त्यांस प्रभूकडे घेऊन आली. जिवंत पाणी प्याल्याची खूण हीच कीं, माणूस माणसांकडे धांवतो. आमच्या मंडळींत कोणी तापानें फणफणलेलें मूल मांडीवर घेऊन एकटी बसली असेल, तर तिला आसरा कोणाचा? ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्या उंबरठ्यावरून निघून तिच्या उंबरठ्यावर पोहोंचलें पाहिजे.

हे प्रभो, तूं थकून विहिरीच्या कांठीं बसलास आणि एका परक्या बाईजवळ पाणी मागितलेंस. आमच्या भयांवर तुझा उजेड पाड. आमच्या दारांस पाय दे, म्हणजे तीं शेजाऱ्यांकडे जातील. आमचे दोन माठ एक कर. आणि जिचें कोणी माणूस नाहीं तिच्याजवळ आम्हांस तुझ्या नांवानें उभें राहूं दे. आमेन.